झोप न मोडणारी गाणी

श्री. दिनकरराव सांबरे, म्हणजे आम्हा सर्वांचे सांबरे मास्तर, यांची आणि माझी पहिली भेट भांडणातून झाली. भांडायला मी गेले होते आणि माझी बाजू खरी होती, हे आज त्यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथातही मी सांगणार आहे. पिंपरीला कारखाना नुकता उभा राहिला होता. वसाहतीच्या चाळी झाल्या होत्या, पण शाळेची इमारत व्हायची होती. म्हणून चाळीच्या टोकाच्या दोन खोल्यांत आमची शाळा भरे. तिसरी खोली वसाहतीच्या समितीने मुलांच्या गाण्याच्या वर्गाला दिली होती. मधली भिंत म्हणजे नुसता फळ्यांचा आडोसा. मी तिसरीच्या मुलांकडून सतराचा पाढा म्हणवून घेत होते आणि पलीकडे पेटी सुरू झाली. बघता बघता माझा सगळा वर्ग सतराचा पाढा पेटीच्या चालीवर म्हणू लागला. दोन-तीन मुले तर मानही डोलावत होती.

मी तावातावाने पलीकडे गेले. पांढरे धोतर, काळा कोट, कपाळावर उभ्या आठ्या आणि बोटे पेटीवर, असे एक गृहस्थ बसले होते. माझे सगळे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, पाढा कुठे चुकला का?" पाढा चुकला नव्हता. एरवी हमखास अडखळणारी मुलेही त्या दिवशी सतरा नव्वे त्रेपन्नाशे धडाधड म्हणून मोकळी झाली होती. तरीही मी म्हटले, "प्रश्न पाढ्याचा नाही, शिस्तीचा आहे." ते म्हणाले, "मग उद्यापासून तुमचे पाढे संपले की मी सुरू करीन. पण बाई, चाल आवडली का?" मी तडक परत आले. संध्याकाळी भाकऱ्या थापताना मीच ती चाल गुणगुणत होते आणि आमचे मालक माझ्याकडे आश्चर्याने पाहत होते.

मास्तरांचे आधीचे आयुष्य पुष्कळांना माहीत नाही आणि ते स्वतः सांगत नाहीत, म्हणून थोडे लिहिते. तरुणपणी ते एका फिरत्या संगीत नाटक मंडळीत पायपेटी वाजवीत. बोलपट आले, तंबू ओस पडू लागले आणि एके दिवशी मंडळीचे सामान गावोगावी विकले गेले. मास्तर चिंचवडला बहिणीकडे आले ते हातात एक जुनी पेटी घेऊन. ती बहीण त्यांच्या पाठीशी भक्कम उभी राहिली, म्हणून आज आपल्याला मास्तर मिळाले, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे. नाटकवाल्या माणसाच्या हाती मुले कशी द्यायची, अशी कुजबुज सुरुवातीला वसाहतीत पुष्कळ झाली. मास्तरांच्या कानावर ती जात असे. ते म्हणत, "नुसती मुलं आम्ही नाहीच घ्यायची. आईबापांसकट घ्यायची."

यात त्यांच्या कामाचे सारे मर्म आहे. त्या दिवसांत मुलांची गाणी म्हणजे लवकर उठा, दात घासा, खोटे बोलू नका. मास्तरांना ती अजिबात खपत नसत. "दात घासा हे सांगायला घरात आई आहे. तेवढ्यासाठी स्वर कशाला दमवायचे?" असे ते मला तोंडावर म्हणाले होते, आणि मी शाळेत तेच गाणे शिकवीत होते. त्यांचे म्हणणे असे की मुलांचे गाणे ज्या घरात म्हटले जाते त्या घरात मोठी माणसेही राहतात. तेच गाणे दिवसातून दहादा त्यांच्या कानावर पडते. ज्या गाण्याने मोठ्यांचे डोके उठते, ते गाणे मूलही फार दिवस म्हणत नाही, कारण कुणीतरी त्याला गप्प बसवते.

गाणे जमले की नाही हे ठरवण्याची त्यांची एक रीत होती. मुलाला जेवायला बोलवायला आई आली आणि बोलवायचे विसरून दारात उभी राहिली, तर गाणे जमले. एकदा आमच्या शेजारच्या गंगूबाई हातात उलथने घेऊन मुलाला हाक मारायला आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. इकडे तव्यावर भाकरीचा कोळसा झाला. त्यांचे मालक चिडले आणि दोष अर्थातच मास्तरांच्या माथी आला. दुसऱ्या दिवशी मास्तर त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि जाताना म्हणाले, "वहिनी, मंडळीत असताना पदकं मिळाली, शाली मिळाल्या. पण माझ्यापायी भाकरी करपू द्यावी, असं आजवर कुणी केलं नव्हतं." गंगूबाई अजूनही ही गोष्ट पदर तोंडाला लावून सांगतात.

त्यांची दुसरी रीत मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. ते गाणे पुरे शिकवीतच नसत. एक ओळ मोकळी ठेवत. ती ओळ मुलाने घरून, आईकडून किंवा वडिलांकडून, आणायची. तिला सगळे 'घरची ओळ' म्हणत. भोंग्याचे गाणे आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल:

भोंगा वाजला, उठलो, धावलो,
डबा घेतला, टोपी ल्यालो,
फाटकापाशी येऊन थबकलो,
घरी काय मी विसरून आलो?

चौथ्या ओळीचे उत्तर घरच्यांनी द्यायचे. एका घरून आले, 'मीठ आणायचं विसरून आलो.' दुसऱ्या घरून आले, 'चपला बायकोच्या घालून आलो.' ते खरेच घडले होते, आणि ती चपलांची जोडी कुणाची हे साऱ्या चाळीला कळले. कोकणातला बाप आपल्या बोलीत ओळ देई, मावळातली आई आपल्या. सगळी मुले सगळ्यांच्या ओळी म्हणत. कुणी कुणाला परके राहिले नाही. खेडकडचे, सातारकडचे, चिपळूणकडचे आम्ही लोक एकाच नळावर पाणी भरत होतो, पण एकमेकांची नावेही आम्हाला पुरती माहीत नव्हती. ती त्या ओळींनी माहीत झाली. मला याचा फार अभिमान वाटतो.

याच गाण्यावरून मात्र वर्ग बंद पडायची वेळ आली. बॉयलर खात्यातले बापूराव मराठवाड्यातून आलेले. माणूस कष्टाळू, पण तापट. त्यांची मुलगी सुमन माझ्याच वर्गात होती. बाकी सगळ्यांच्या घरच्या ओळी आल्या, सुमनची येईना. वडील पहिल्या पाळीला असले की ती उठायच्या आत निघून जात. दुसऱ्या पाळीला असले की ती झोपल्यावर घरी येत. रात्रपाळीला असले की दिवसभर झोपलेले. विचारणार कधी? तिची आई म्हणाली, मी देते ओळ. पण सुमनला बापाचीच हवी होती. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ती झोपलेल्या बापूरावांच्या उशाशी बसली आणि वडिलांच्या कानाशी भोंग्याचे गाणे म्हणू लागली. बापूराव दचकून उठले. आधीच खोलीबाहेरच्या व्हरांड्यात मुलांची गाणी दिवसभर चालू असत, त्याने त्यांचे डोके तापलेले होते. ते तसेच समितीच्या कार्यवाहांकडे गेले. "रातभर बॉयलरम्होरं उभं ऱ्हायचं आन् दिवसा या पोरांचा गलका ऐकायचा. म्या झोपावं कवा?" असे त्यांनी विचारले.

त्यांचे चूक नव्हते. आणखी काही रात्रपाळीवाले त्यांच्या बाजूने बोलले. समितीतल्या काहींना ती खोली कॅरम खेळायला हवीच होती. कार्यवाहांनी निर्णय दिला की वसाहतीच्या वार्षिक समारंभापर्यंत वर्ग चालू द्यावा, समारंभात मुलांचे गाणे व्हावे, आणि त्यानंतर पालकांचे मत घेऊन खोली कुणाची ते ठरवावे. मास्तरांच्या जागी मी असते तर समितीला चार शब्द सुनावले असते. खरे सांगायचे तर मी सुनावलेही. मास्तर मात्र त्या दिवशी पेटी न उघडता भिंतीला टेकून बसून राहिले. पुढे एकदा त्यांनीच मला सांगितले की एकदा मंडळी मोडताना पाहिली होती, दुसऱ्यांदा पाहायचे बळ आपल्यात नव्हते.

पण दुसऱ्या दिवशी ते बापूरावांकडे गेले. भांडायला नाही, ते कधी झोपतात हे विचारायला. मग प्रत्येक रात्रपाळीवाल्याच्या दारी जाऊन त्यांनी तेच विचारले. वर्गात येऊन मुलांना म्हणाले, "आजपासून आपलं गाणं असं हवं की झोपलेल्या बापाची झोप मोडू नये, आणि जाग्या बापाला उठून जावंसं वाटू नये." पेटीवर त्यांनी घोंगडीचा जाड तुकडा बांधला. मुलांना हळू गायला शिकवले. हळू म्हणजे पुटपुटत नव्हे. शब्द स्पष्ट, स्वर जागेवर, आणि आवाज मात्र एका हाताच्या अंतरावर संपणारा. हे किती अवघड आहे ते करून पाहावे. मोठमोठ्या गवयांना जमत नाही ते आमच्या पिंपरीच्या मुलांना जमले. व्हरांड्यातून जाताना वीस-पंचवीस मुले गात आहेत हे खिडकीशी गेल्याशिवाय कळत नसे.

समारंभासाठी मास्तरांना नवे गाणे हवे होते. त्यासाठी ते मुलांना घेऊन रहाटणीच्या मळ्यात गेले, मीही बरोबर होते. तिथे एक म्हातारे शेतकरी मोट हाकत होते आणि हाकताना गात होते. बैल उताराच्या धावेवरून खाली गेले की मोट भरून वर येते, पाणी पाटात पडते, आणि मग 'मागं ये' अशी लांब हाक दिली की बैल उलट पावलांनी मागे येतात. मुलांनी ती चाल दोन खेपांत उचलली. उत्साहाच्या भरात एकाने ती लांब हाक मोट अर्ध्यात असतानाच दिली, बाकीच्यांनी ओढली, आणि बैल निमूटपणे मागे यायला लागले. भरलेली मोट परत विहिरीत गेली. पुन्हा बैल खाली, पुन्हा मुलांची हाक, पुन्हा मोट विहिरीत. म्हातारबुवा कासरा धरून थकले. "आरं पोरांनो, गप ऱ्हावा की वाईच. बैलं तुमचं ऐकाया लागली, माझं न्हाई," असे म्हणून त्यांनी सगळ्यांना बांधावर बसवले आणि शेंगा दिल्या. मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. त्यांना तसे हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्या चालीवर त्यांनी मुलांसाठी गाणे बांधले:

मोट भरली काठोकाठ,
पाटाच्या पाण्या, धर वाट,
वांग्याला पाणी, मिरचीला पाणी,
तहानल्या वाफ्याला पाजा पाणी.

आणि प्रत्येक कडव्यानंतरची 'मागं ये रं राजा, मागं ये' ही हाक मोकळी ठेवली. ती बापांनी द्यायची. प्रत्येक मुलाने घरी निरोप नेला. कुणी हसले, कुणी 'बघू' म्हणाले. नक्की येतो असे एकानेही सांगितले नाही. सुमनने निरोप नेला की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

समारंभ रविवारी सकाळी, मैदानात झाला. कारखान्याला सुट्टी होती, त्यामुळे झाडून सगळे हजर होते. भाषणे झाली. मुले मंचावर आली आणि नेमकी लाउडस्पीकरची बॅटरी उतरली. मास्तरांनी पेटी धरली, तशीच, घोंगडी बांधलेली, कारण सवयीने ती सोडायचे कुणाच्याच लक्षात आले नव्हते. मुलांनी सुरुवात केली, आणि आमची मुले जशी रोज गात तशी गाऊ लागली. म्हणजे एका हाताच्या अंतरावर. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना ओठ हलताना दिसत होते. मागून कुणीतरी ओरडले, "काय ऐकू येईना राव!" लोक आपापसांत बोलू लागले. मी मंचाच्या बाजूने खुणा करीत होते, मोठ्याने म्हणा, मोठ्याने. मुलांना काही केल्या आवाज फुटेना. ती महिनेन् महिने जे शिकली होती तेच इमानाने करीत होती. कार्यवाहांनी घड्याळ पाहिले आणि शेजारच्याला काहीतरी म्हटले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या मनात आले, संपले, खोली गेली.

तेव्हा मागच्या रांगेतून बापूराव उठले. ते तक्रार करायला उठले असेच सगळ्यांना वाटले, मलाही. ते दोन रांगा ओलांडून पुढे आले, तोंडाशी हात धरले आणि म्हणाले, "लेकरांनो, म्या जागाच हाय. आज समदे बाप जागे हायेत. म्हणा मोठ्यानं."

मैदानात कुणी हसले नाही. मास्तरांनी पेटीवरची घोंगडी ओढून काढली आणि बाजूला टाकली. मुलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि इतके दिवस छातीत दाबून धरलेला तो सगळा आवाज एकदम बाहेर आला. शेजारच्या बाभळीवरचे पक्षी उडाले. कडवे संपले आणि हाकेची जागा आली. बापूरावांनी मान वर करून ती हाक दिली, 'मागं ये रं राजा, मागं ये.' आपल्या गावी त्यांनी तरुणपणी मोट हाकली होती, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हते. तो आवाज शेतातला होता, मैदानाच्या पार टोकाला गेला. दुसऱ्या कडव्याला पाच-सहा बापांनी हाक दिली, तिसऱ्याला सगळ्या मैदानाने. त्यांतले बहुतेक कधी ना कधी मोटेमागे चाललेले होते आणि शेती सोडून इथे आले होते. काहींना हाक पुरी करता आली नाही. सुमन गायची थांबली होती. वडील गाऊ शकतात हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. ती नुसती बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मला लिहिता येणार नाही. मी शिक्षिका आहे, मुलांसमोर सहसा रडत नाही. त्या दिवशी रडले.

पालकांचे मत घ्यायची वेळच आली नाही. बापूरावच कार्यवाहांना म्हणाले, "खोली ऱ्हाऊ द्या मास्तरास्नी. फकस्त आमची पाळी बघून येळ लावा." तेव्हापासून गाण्याच्या वर्गाची वेळ पाळ्यांप्रमाणे बदलते. मुलांना ती भोंग्यासारखी पाठ आहे. पुढे चिंचवडच्या, तळेगावच्या, चाकणच्या शाळांतून मास्तरांना बोलावणी आली. ते गेले, शिकवून आले, पण स्पर्धेला मुले नेण्यास त्यांनी नेहमी नकार दिला. एका शाळेने पदक देऊ केले तेव्हा म्हणाले, "यात पहिला नंबर कुणाचा काढणार? मुलाचा की बापाचा?" त्यांच्या स्वभावात एक हट्टीपणा आहे, चहा गार झाला तर रागावतात, आणि माझ्याशी त्यांचे अजूनही महिन्यातून एकदा कडाक्याचे वाजते. तरीही या नव्या गावाला गाव कुणी केले असे मला विचाराल, तर मी कारखान्याचे नाव आधी घेणार नाही.

मास्तर, आपण साठी पूर्ण करीत आहात याचा आम्हा सर्वांना आनंद आहे. आपले गुडघे कुरकुरतात हे मला माहीत आहे आणि आपण वैद्यांचे काढे खिडकीबाहेर ओतता हेही माहीत आहे. ते आजपासून बंद करा. आपल्याला शंभर वर्षे मिळोत, असे म्हणून मी मोकळी होणार नाही. माझी इच्छा याहून नेमकी आहे. आज आपल्यापाशी गाणारी ही मुले उद्या मोठी होतील, याच कारखान्यात पाळीला लागतील, आणि आपल्या मुलांचे बोट धरून त्या खोलीत येतील. त्या दिवशी पेटीवर आपणच बसलेले आम्हाला पाहायचे आहे. तोवर ठणठणीत राहणे ही आपली जबाबदारी आहे, मास्तर, आणि त्यात मी सूट देणार नाही.